दाराकडे पाठ केलेला सोफा

नगरच्या भुईकोट किल्ल्यात मी पहिल्यांदा गेलो ते पाचवीच्या सहलीत. लक्षात राहिलं ते एवढंच: खंदक, बंदूकवाला जवान आणि डब्यातली गुळपोळी. मागच्या डिसेंबरात पुन्हा गेलो. किल्ला लष्कराच्या ताब्यात असल्यामुळे ओळखपत्र दाखवून आत जावं लागतं. (सरकारी कागदावर आता जिल्हा अहिल्यानगर आहे. एसटीत कंडक्टरकडे आम्ही अजूनही 'एक नगर' मागतो, म्हणून इथेही सवयीने नगरच लिहितोय.)

१९४२ साली काँग्रेसच्या नेत्यांना ज्या खोल्यांत ठेवलं होतं, त्या बघायला लोक येतात ते बहुतेक नेहरूंसाठी. 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' त्यांनी इथेच लिहिलं, १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत. मी मात्र पावलांचा आवाज ऐकायला गेलो होतो. बूट घातलेला माणूस बाहेरून चालत आला, तर खोलीत बसलेल्याला ते किती आधी कळत असेल?

असला प्रश्न का पडावा, हे सांगायला माझ्याच एका रात्रीपर्यंत मागे जावं लागेल.

मी पुण्यात एका कंपनीत बॅकएंडचं काम करतो. दर काही आठवड्यांनी माझ्याकडे 'ऑन-कॉल' येतो. म्हणजे तो आठवडाभर सर्व्हर कधीही पडला तरी माझा फोन वाजणार, रात्री तीनलासुद्धा. त्या अलर्टची एक ठरलेली ट्यून आहे. दोन वर्षांपूर्वीच्या एका रात्री ती वाजली, मी उठलो, लॅपटॉप उघडला, वीस मिनिटांत सगळं सुरळीत केलं आणि पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो. काम संपलेलं होतं. तिथे, ओट्यापाशी उभा असताना, काहीही कारण नसताना छातीत धडधड सुरू झाली. आधी जिना चढल्यावर होते तशी, मग कुणीतरी आतून दार ठोठावतंय तशी. श्वास पुरेना. तळहात ओले झाले, ओठांभोवती मुंग्या आल्या, बोटं आखडल्यासारखी वाटली. समोरचा मिक्सर, गॅस, बेसिन सगळं होतं तिथेच होतं, पण काचेपलीकडे असल्यासारखं. आणि एक विचार आला, विचार कसला, खात्रीच: आपण आत्ता मरतोय.

रूममेटने रिक्षा केली. हॉस्पिटलात पोचेपर्यंत निम्मं ओसरलं होतं. ईसीजी काढला, तो नॉर्मल. ड्युटीवरच्या डॉक्टरांनी 'काही नाही, टेन्शन घेऊ नका' असं सांगून ॲसिडिटीची गोळी दिली. 'काही नाही' हे दोन शब्द मी पुढे आठ महिने वागवले. काही नाही, तर मग ते काय होतं?

दुसऱ्यांदा झालं ते नगरला येणाऱ्या एसटीत, शिक्रापूरच्या ट्रॅफिकमध्ये. गाडी हलेना, खिडकी उघडेना. मी शिरूरला उतरून गेलो आणि घरी फोन करून सांगितलं, की काम आलंय, परत जातोय. त्यानंतर एसटी टाळायला लागलो. मग लिफ्ट. मग ज्या मीटिंगमध्ये आपल्याला बोलावं लागेल ती मीटिंग. कॅमेरा बंद, 'नेटवर्कचा प्रॉब्लेम आहे'. कुणालाही पत्ता नव्हता. मला वाटत होतं, हे मी फार छान सांभाळतोय.

*

याच काळात एका मित्राने 'गुबार-ए-खातिर'ची देवनागरीत छापलेली प्रत दिली. त्याला उर्दूचं वेड, मला नगरचं. मौलाना अबुल कलाम आझाद यांनी नगरच्या किल्ल्यात कैदेत असताना लिहिलेली ही पत्रं. पत्रं हबीबुर्रहमान खाँ शेरवानी या त्यांच्या स्नेह्याला उद्देशून आहेत, पण एकही तेव्हा पोस्टात पडलं नाही. कैद्याला तशी परवानगीच नव्हती. १९४६ साली त्यांचं पुस्तक झालं. त्यात पहाटेच्या अंधारात स्वतः बनवून प्यायलेल्या चिनी चहाबद्दल पानंच्या पानं आहेत, खोलीत घरटी करणाऱ्या चिमण्यांशी चाललेली लढाई आहे. मी हसत वाचत होतो. आणि मग ११ एप्रिल १९४३ चं पत्र आलं.

मागचा संदर्भ असा. ९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे मुंबईत काँग्रेस कार्यकारिणीची धरपकड झाली आणि नेहरू, पटेल, गोविंद वल्लभ पंत, आचार्य नरेंद्र देव, शंकरराव देव वगैरे मंडळींना रेल्वेने नगरला आणलं. आझाद तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष. त्यांच्या पत्नी झुलेखा बेगम कलकत्त्यात होत्या आणि आजारी होत्या. ऑगस्टच्या सुरुवातीला नवरा मुंबईला निघाला तेव्हा त्या दारापर्यंत आल्या होत्या. निरोपाच्या दोन शब्दांपलीकडे काही बोलणं झालं नाही. १९४३ च्या मार्चमध्ये त्यांची तब्येत फार बिघडल्याची खबर किल्ल्यात पोचली. जेलच्या सुपरिंटेंडेंटने विचारलं, की सरकारला काही कळवायचं असेल तर मी लगेच कळवतो. (या सुपरिंटेंडेंटला कैद्यांनी निजामशाहीच्या इतिहासातून उचलून 'चीता खान' असं नाव ठेवलं होतं.) आझादांनी नकार दिला. ज्या सरकारशी लढतोय त्याच्याकडे काही मागायचं नाही.

आणि मग ते, वयाच्या ५४ व्या वर्षी, देशातल्या सगळ्यात मोठ्या पक्षाचे अध्यक्ष असताना, एक गोष्ट कबूल करतात. वर्तमानपत्र दुपारी बाराएकच्या सुमाराला येई. ते आणणाऱ्याच्या पावलांची चाहूल लागली, की त्यांच्या छातीत धडधड सुरू व्हायची: आज पेपरात काय असेल? पण बसायचा सोफा असा होता, की त्याची पाठ दाराकडे. येणारा माणूस आत येऊन समोर उभा राहीपर्यंत त्याला त्यांचा चेहरा दिसत नसे. तेवढ्या वेळात ते चेहरा सावरत. रोजच्यासारखं हसून, पेपर टेबलावर ठेवा अशी खूण करत आणि पुन्हा लिहायला लागत, जणू पेपर बघायची काहीच घाई नाही. हे सगळं नाटक होतं, असं ते स्वतःच लिहितात. आपल्या धीरगंभीर प्रतिमेवर अस्वस्थतेचा डाग दिसू नये म्हणून केलेलं नाटक. मनाला आवर घातला, पण शरीराला घालता आला नाही, ते आतल्या आत झिजत गेलं, अशा अर्थाचंही त्यांनी लिहिलंय. ९ एप्रिलला झुलेखा बेगम गेल्याची तार आली.

ते पान वाचून मी पुस्तक मिटलं. सोफ्याची पाठ आणि माझा बंद कॅमेरा यांत मला काही फरक दिसेना.

*

इथे घाई करायला नको. आझादांना पॅनिक अटॅक येत होता असं मी म्हणत नाही. ऐंशी वर्षांपूर्वीच्या माणसाचं निदान पुस्तक वाचून करायचं नसतं, आणि त्यातही मी डॉक्टर नाही. शिवाय त्यांच्या भीतीला कारण होतं, खरंखुरं, कलकत्त्यात अंथरुणाला खिळलेलं. ती भीती नुसती साधी काळजी होती, आपल्या माणसाबद्दलची. पॅनिक अटॅकची गंमत (हा शब्द चुकीचा आहे, पण दुसरा सापडत नाही) अशी, की त्यात अलार्म तोच असतो, तेवढाच मोठा वाजतो, फक्त आग कुठेच नसते. माझ्या ओट्यापाशी वाघ नव्हता. सर्व्हरसुद्धा तेव्हा व्यवस्थित चालू होता.

पण अलार्मची वायरिंग सगळ्यांची एकच आहे. वॉल्टर कॅनन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने १९१५ च्या पुस्तकात ती मांडली. धोका दिसला, की ॲड्रेनालिन सुटतं, हृदय जोरात पंप करतं, रक्त हातापायांच्या स्नायूंकडे वळतं, पचन थांबतं, तोंड कोरडं पडतं, घाम सुटतो. लढायचं किंवा पळायचं. दोन्हीपैकी काहीच करायचं नसेल आणि माणूस ओट्यापाशी नुसता उभा असेल, तर एवढ्या सगळ्या तयारीचं करायचं काय? श्वास भराभर चालू राहतो, त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि म्हणून ओठांना, बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. मला हे कळलं तेव्हा अर्धी भीती गेली. माझी बोटं आखडली होती ती मरणाने नव्हे, जास्त श्वास घेतल्याने.

आता नेवाशाचं सांगतो. आमचं गाव त्याच तालुक्यातलं. प्रवरेच्या काठी, ज्याला टेकून ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरी सांगितली असं मानतात तो पैसाचा खांब अजून आहे. शके १२१२, म्हणजे १२९० साल. आमच्याकडे पारायणं इतकी होतात, की पहिल्या अध्यायात नेमकं काय घडतं इकडे कुणाचं लक्ष जात नाही. मी कुलकर्णी सरांच्या तासाला परीक्षेपुरतं वाचलं होतं, या आजारपणात पुन्हा वाचलं. गीतेची सुरुवात तत्त्वज्ञानाने होत नाही. ती सुरू होते एका माणसाच्या शरीराने. अर्जुन रथात उभा आहे, समोर आपलेच लोक पाहतो आणि कृष्णाला सांगायला लागतो: अंग गळून गेलंय, तोंडाला कोरड पडलीय, शरीर कापतंय, अंगावर काटा आलाय, धनुष्य हातातून निसटतंय, कातडीची आग होतेय, उभं राहवत नाही, मन गरगरतंय. मी मोजली. आठ लक्षणं.

आजच्या डॉक्टरांच्या यादीशी ही ताडून बघण्याचा मोह मला आवरला नाही. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या 'डीएसएम'मध्ये पॅनिक अटॅकची तेरा लक्षणं आहेत: धडधड, घाम, कंप, धाप, गळा दाटणं, छातीत दुखणं, मळमळ, चक्कर, गरमी किंवा थंडी, मुंग्या, जग किंवा आपण स्वतः खरे नाही असं वाटणं, ताबा सुटेल ही भीती आणि मरू ही भीती. त्यांपैकी चार किंवा जास्त अचानक उसळून काही मिनिटांत शिगेला पोचली, तर तो पॅनिक अटॅक. अर्जुनाचा कंप, आग आणि भोवळ या यादीत सरळ बसतात. कोरडं तोंड अमेरिकन यादीत नाही, पण जागतिक आरोग्य संघटनेच्या 'आयसीडी-१०'मध्ये आहे. अर्थात अर्जुनासमोरही खरं युद्ध होतं, त्याला आपण पेशंट करू नये.

मला महत्त्वाची वाटली ती वेगळीच गोष्ट. हा त्या काळातला सगळ्यात मोठा धनुर्धर आहे, दोन्ही सैन्यांच्या मधोमध उभा आहे, आणि तो हे सगळं बोलून दाखवतो. एकेक लक्षण, शेजारच्या माणसाला. ज्ञानेश्वरही त्याला भित्रा ठरवत नाहीत. ते भुंग्याचा दाखला देतात: जो भुंगा कोरडं लाकूड पोखरतो, तोच कोवळ्या कळीत अडकून पडतो. बळ कमी पडलं म्हणून नाही. बळ तिथे कामालाच येत नाही म्हणून.

एकाच जिल्ह्यातली ही दोन माणसं माझ्या डोक्यात शेजारी शेजारी येऊन बसली. एक सांगणारा, एक लपवणारा. मी कोणाच्या बाजूचा होतो ते वर आलंच आहे.

*

डॉक्टरांना हे ओळखायला बराच वेळ लागला, आणि त्याचा इतिहास मुख्यतः सैनिकांच्या छातीचा इतिहास आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धात फिलाडेल्फियाच्या लष्करी हॉस्पिटलात जेकब मेंडेस डा कोस्टा नावाचे डॉक्टर होते. त्यांच्याकडे तरुण सैनिक यायचे: धडधडतंय, छातीत दुखतंय, धाप लागतेय, चक्कर येतेय. हृदय तपासलं तर त्यात बिघाड सापडत नसे. तीनशेच्या वर असे रुग्ण पाहून त्यांनी १८७१ मध्ये 'चिडकं हृदय' अशा अर्थाचं नाव देऊन लेख लिहिला. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये आर्थर मायर्स या लष्करी डॉक्टरने दोष दिला गणवेशाच्या आवळलेल्या पट्ट्यांना. आज हसू येतं, पण निदान एक गोष्ट दोघांनी केली: पोरं सोंग करतायत असं म्हणून त्यांना हाकललं नाही. पहिल्या महायुद्धात पुन्हा तेच झालं, हजारोंच्या संख्येने, आणि 'सोल्जर्स हार्ट' हा शब्द रुळला.

१८९५ मध्ये फ्रॉइडने अशा झटक्यांचं वेगळं वर्णन केलं. त्यातलं एक निरीक्षण मला आमच्या गावातलं वाटतं. पुष्कळदा माणूस 'भीती वाटते' असं म्हणतच नाही, तो छातीचं सांगतो, श्वासाचं सांगतो, घामाचं सांगतो. मराठीत तर त्यासाठी शब्दांची कोठारं भरलीत. छातीत धस्स होतं, जीव घाबरा होतो, घालमेल होते, हातपाय गळतात, पोटात गोळा येतो, तोंडचं पाणी पळतं. सगळी भीती शरीरात. 'पॅनिक' हा शब्द इंग्रजीत ग्रीकांच्या पॅन देवावरून आला, जो रानात वाटसरूंना उगाच घाबरवायचा. आमच्या गावात ते काम चकव्याकडे आहे.

पण मला सगळ्यात आवडते ती न्यूयॉर्कच्या हिलसाइड हॉस्पिटलातली गोष्ट. १९५९ च्या आसपास डोनाल्ड क्लाइन हे डॉक्टर तिथे इमिप्रामिन नावाचं तेव्हाचं नवं औषध काही रुग्णांना देऊन पाहत होते. हे रुग्ण असे, की दिवसातून तीनचार वेळा धावत नर्सच्या टेबलापाशी यायचे: मी मरतोय, काहीतरी करा. नर्स हात धरायची, वीसेक मिनिटांत झटका ओसरायचा. औषध सुरू करून तीनेक आठवडे झाले. रुग्णाला विचारलं तर तो म्हणे, काही फरक नाही. डॉक्टरांनाही दिसेना. फरक सांगितला नर्सेसनी: हा आता टेबलाकडे पळत येत नाही. काळजी होती तशीच होती, पण झटके थांबले होते. म्हणजे रोजची काळजी आणि अचानक येणारा झटका या दोन वेगळ्या गोष्टी असल्या पाहिजेत. या धाग्यावरून पुढे जात १९८० च्या 'डीएसएम-३'मध्ये 'पॅनिक डिसऑर्डर' हे स्वतंत्र नाव आलं. माझ्या बाबांच्या लहानपणी या आजाराला नावच नव्हतं, असा हिशोब मी केला.

मला ही गोष्ट आवडते, कारण ती लॉग वाचण्याची गोष्ट आहे. युजर म्हणतो काही बदललं नाही, सिस्टिमचा लॉग म्हणतो बदललंय. आणि तो लॉग तयार झाला, कारण ते लोक टेबलापर्यंत धावत गेले होते.

*

शेवटी मीही एका टेबलापर्यंत गेलो. मानसोपचारतज्ज्ञांच्या. त्यांनी आधी थायरॉइडची आणि रक्ताची तपासणी करून आणायला लावली, कारण थायरॉइड वाढलेला असेल, रक्त कमी असेल, साखर उतरत असेल, तरी अशी धडधड होते. मग नाव सांगितलं. मग एक चक्र कागदावर काढलं, जे डेव्हिड क्लार्क या इंग्लिश मानसशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये मांडलं होतं: छातीत जराशी धडधड होते, मी तिचा अर्थ 'हार्ट अटॅक' असा लावतो, त्या अर्थाची भीती वाटते, भीतीने धडधड वाढते, वाढलेली धडधड हा पुरावा वाटतो. इंजिनिअरला हे समजावून सांगावं लागत नाही. हा इन्फिनिट लूप आहे. बाहेर पडायची अट चुकीची लिहिलीय.

त्यांनी जे विचारलं त्यातून मला माझी लक्षणं पहिल्यांदा नीट दिसली. झटका किती वेळात शिगेला जातो? दहा मिनिटांच्या आत. ओसरायला? अर्धा तास. धावलो, जिने चढलो तर वाढतो का? नाही, उलट नुसतं बसल्यावर येतो, एकदा तर झोपेतून उठवून आला. दोन झटक्यांच्या मध्ये काय करता? या प्रश्नावर मी गप्प बसलो. मध्ये मी पुढच्या झटक्याची वाट बघत होतो, दिवसभर, आणि जिथे तो येऊ शकेल अशा जागा आयुष्यातून एकेक करून काढत होतो. डॉक्टर म्हणाले, झटका अर्ध्या तासाचा असतो, आजार हा मधला वेळ आहे.

तुम्ही हे वाचत असाल आणि मनात आपली लक्षणं मोजत असाल, तर एक गोष्ट स्पष्ट सांगतो. पहिल्यांदा छातीत असं काही झालं, तर घरी बसून 'हा पॅनिक असेल' असं ठरवायचं नाही. १०८ ला फोन करायचा, ईसीजी काढायचा. छातीवर दाब, दुखणं हाताकडे, जबड्याकडे किंवा पाठीकडे जाणं, श्रमाने वाढणं हे हृदयाचं असू शकतं. बायकांमध्ये आणि मधुमेह असलेल्यांमध्ये तर ते नुसती धाप किंवा मळमळ होऊनही येतं. विशी-तिशीतल्या मुलांनाही हार्ट अटॅक येतो. मी त्या रात्री हॉस्पिटलात गेलो हे बरोबरच केलं. चुकलं ते पुढे, 'काही नाही' ऐकून परत आलो तिथे. आणि हो, सिनेमात दाखवतात तशी कागदी पिशवीत श्वास घेण्याची युक्ती आता डॉक्टर सुचवत नाहीत. मुळात दमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर ती महागात पडते. श्वास सावकाश सोडायचा, घ्यायचा त्याहून जास्त वेळ. बाकी जमेल तेवढं जागेवर थांबायचं. मला सगळ्यात अवघड तेच गेलं. शिरूरला उतरायचं नाही.

सहा महिने लागले. झटके पूर्ण थांबलेत असं नाही, पण आता आला तर मला तो ओळखू येतो. ऑन-कॉलची ट्यून मी बदलली नाही. डॉक्टर म्हणाले, बदलू नका, ऐकत राहा.

*

आत्याचं सांगायचं राहिलं.

माझी आत्या गावातच दिलेली. माझ्या लहानपणापासून तिला 'घाबरं होतं'. हा तिच्या ओळखीचाच भाग होता, कुणाला चष्मा असतो तसा. आधी ती नेवाशाच्या बाजाराला जायची बंद झाली, मग लग्नांना, मग नगरला. बीपीची गोळी झाली, सलाईन झाली, एका देवऋषाकडे कोंबडं झालं. घरातले म्हणायचे, हिचं आपलं नेहमीचंच. मीही म्हणायचो. मला आठवतं, दहावीच्या सुट्टीत मी तिची नक्कल करून चुलतभावांना हसवलं होतं.

किल्ल्यातून त्या दिवशी बाहेर पडलो आणि गावी गेलो, ते एसटीनेच. आत्या तांदूळ निवडत होती. मी तिला माझं सांगितलं, ओट्यापासून शिरूरपर्यंत. ती निवडायची थांबली.

"मुंग्या येतात का रे? इथं?" तिने ओठांना हात लावला.

"येतात."

"आन् समोरचं सगळं लांब गेल्यावानी?"

"हो."

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बावीस वर्षं झाली. मला वाटायचं, मलाच होतं."

मग तिने सांगितलं. पहिल्यांदा कधी झालं, कोणत्या लग्नात, कुठल्या रंगाची साडी होती, मांडवातून उठून ती कुठे जाऊन बसली होती. माझ्या तेरा लक्षणांच्या यादीत नसलेलंही काही सांगितलं: झटका येणार असला, की आधी कानात गोठ्यातल्या घंटेसारखा आवाज होतो. मी तिला आझादांचा सोफा सांगितला. नगरच्या किल्ल्यात एवढा मोठा माणूस पेपरवाल्याच्या पावलांना घाबरायचा, याचं तिला अतोनात नवल वाटलं.

"मग सांगितलं का त्यांनी कुणाला?"

"पत्रात लिहिलं."

"पोस्टात टाकलं?"

"नाही. टाकता येत नव्हतं."

"आरं देवा," ती म्हणाली आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागली.

जानेवारीत तिला नगरला नेलं. ईसीजी ठीक निघाला, थायरॉइड ठीक, हिमोग्लोबिन बरंच कमी. त्याच्या गोळ्या सुरू झाल्या आणि दुसऱ्या चिठ्ठीवर मानसोपचारतज्ज्ञांचं नाव आलं. काकांनी ती चिठ्ठी दोनदा वाचली, काही बोलले नाहीत, घडी करून खिशात ठेवली. तिथली पहिली तारीख पुढच्या आठवड्यात आहे. पत्ता सांगायला मी फोन केला तेव्हा आत्याने एकच विचारलं, गाडी नेवासा फाट्यावरून किती वाजता आहे आणि पुढच्या दाराजवळची जागा मिळेल का.